उपसूचना आणि मतदान: सभेची शिस्त
(अंबरनाथ येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



अंबरनाथ हे कामगारांचे गाव. ऑर्डनन्स फॅक्टरी, विम्कोचा आगपेट्यांचा कारखाना आणि पुढे औद्योगिक वसाहत यांच्या आधाराने ते वाढले. अशा गावात गेट-मीटिंगपासून गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेपर्यंत ठराव होतच असतात. परंतु ‘सर्वांना मंजूर?’ असा प्रश्न आणि त्यावर टाळ्यांचा कडकडाट, एवढ्यालाच मतदान समजण्याची सवय लोकशाही चळवळीला घातक आहे.

ठराव मांडला गेला, त्याला अनुमोदन मिळाले आणि चर्चा सुरू झाली की तो सभेच्या मालकीचा होतो. मांडणाऱ्यालाही तो सभेच्या संमतीवाचून मागे घेता येत नाही. उपसूचना ठरावाच्या विषयाशी निगडित हवी. ती शब्द गाळील, घालील किंवा बदलील. मात्र निव्वळ नकार म्हणजे उपसूचना नव्हे. ज्याला ठरावच नको त्याने विरोधी मत द्यावे. मत प्रथम उपसूचनेवर घ्यावयाचे आणि ती संमत झाल्यास दुरुस्त ठरावावर पुन्हा घ्यावयाचे. हे दुसरे मतदान पुष्कळदा गाळले जाते. वस्तुतः उपसूचनेला अनुकूल असणारा सदस्य अंतिम ठरावाला प्रतिकूल असू शकतो.

मतदानाचा क्रमही निरुपद्रवी नसतो. समजा, बोनसच्या प्रश्नावर कामगारांचे तीन समसमान गट आहेत. पहिल्याची पसंती संप, वाटाघाटी, लवाद अशा क्रमाने. दुसऱ्याची वाटाघाटी, लवाद, संप. तिसऱ्याची लवाद, संप, वाटाघाटी. संप आणि वाटाघाटी यांवर आधी मत घेतले तर संप जिंकतो, पण पुढच्या फेरीत लवादापुढे हरतो. आरंभ वाटाघाटी आणि लवाद यांपासून केला तर अखेर संपच विजयी होतो. माणसे तीच, मते तीच, निर्णय निराळा! फ्रेंच विचारवंत कोंदोर्से याने बहुमताचे हे कोडे १७८५ मध्येच दाखवून दिले. म्हणून क्रम चर्चेपूर्वी जाहीर झाला पाहिजे. तो अध्यक्षांच्या सोयीवर सोडता कामा नये.

या बाबतीत घटना समितीचे उदाहरण बोलके आहे. तेथे मसुद्यावर सुमारे ७,६३५ उपसूचना दाखल झाल्या. त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी ह. वि. कामत यांनी उद्देशिकेचा प्रारंभ ईश्वराच्या नावाने व्हावा अशी उपसूचना मांडली. ती मागे घेण्याची विनंती झाली, ते बधले नाहीत. मते मोजली गेली: अनुकूल ४१, प्रतिकूल ६८. उपसूचनेचा आशय समाजवाद्यांना न पटणारा असेल. पण मतमोजणी मागण्याचा हक्क निर्विवाद होता. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी कामत, पंजाबराव देशमुख आदी बंडखोर सभासदांचे आवर्जून आभार मानले. त्यांच्या सूचना सर्वस्वी स्वीकारता आल्या नसल्या, तरी त्यांच्यामुळे चर्चेला तत्त्वाचे अधिष्ठान लाभले, हे त्यांनी मान्य केले.

यातील बोध साधा आहे. ज्याची उपसूचना ऐकली गेली आणि ज्याचे मत मोजले गेले, तो हरला तरी निर्णयाला बांधील राहतो. ज्याचा आवाज घोषणांत बुडाला, तो संपाच्या तिसऱ्या दिवशी कामावर गेला तर दोष एकट्या त्याचा नसतो. नियम हे अल्पमताचे संरक्षण आहेत, तसेच बहुमताचे बळही आहेत. जो पक्ष आपल्या शाखेच्या सभेत ते पाळत नाही, त्याला नगरपरिषदेत किंवा विधानसभेत त्यांची मागणी करण्याचा नैतिक अधिकार उरत नाही.