कुंपण आधी आलं, नोकरी मागून
(तालुका मेळाव्यात केलेलं भाषण)



"गावाजवळ कपड्याची कंपनी येणार, पोरींना काम मिळणार," असं कुणी सांगितलं की आपलं मन हलतं. हलणारच. दिवाळी झाली की निम्मा पाडा वीटभट्टीवर जातो. म्हणून आज हैतीची गोष्ट सांगतो. अमेरिकेजवळचा छोटा देश, गुलामांनी लढून १८०४ साली स्वतंत्र केलेला.

२०१० साली तिथं मोठा भूकंप झाला. मदतीच्या पैशातून कपड्याच्या कारखान्यांची वसाहत उभारायचं ठरलं. भूकंप झाला दक्षिणेत आणि वसाहत उत्तरेला, काराकोल गावाजवळ, चांगल्या पिकत्या शेतीवर! २०११ च्या जानेवारीत कुंपण पडलं. सुमारे २४६ हेक्टर जमीन गेली, चारशेच्या आसपास कुटुंबं उठली. बरीच जमीन कागदावर सरकारची, कसणारे मात्र हे. ओळखीचं वाटतं ना?

सांगितलं होतं, ६५ हजार नोकऱ्या मिळतील. २०१२ ला वसाहत सुरू झाली. दहा वर्षांत त्याच्या निम्म्यासुद्धा झाल्या नाहीत.

आता हिशेब बघा. कापड बाहेरून येतं, शिवलेला माल अमेरिकेला जातो. गावात राहते फक्त मजुरी. त्यातून गाडीभाडं आणि जेवण वजा करा. आधी मका, घेवडा घरचा होता, आता तोही विकत. त्या शेतांवर मजुरीला जाणारे, तिथला माल बाजारात विकणाऱ्या बाया, त्यांचं काम गेलं ते कोण मोजणार?

अशी कंपनी खेड्यात का येते? मजुरी कमी, जकात माफ. शिलाई मशीन काय, उचललं की दुसऱ्या देशात. ऑर्डर थांबली की शेड रिकामी. पण शेडखालच्या जमिनीत पुन्हा पीक उगवत नाही.

तिथले शेतकरी गप्प बसले नाहीत. संघटना केली. २०१७ साली पैसा देणाऱ्या बँकेकडेच तक्रार नेली. २०१८ च्या डिसेंबरात करार झाला. काहींना जमीन, काहींना अवजारं, काहींना नोकरी. त्याला जवळजवळ आठ वर्षं लागली.

साथींनो, आपला कामाला विरोध नाही. पोरींनी शिवण शिकावं, पुरा पगार घ्यावा. पण जमिनीच्या बदल्यात नोकरी, हा सौदा करायचा नाही. कुंपणाचे खांब घेऊन कुणी आलं तर पहिलं विचारा, ग्रामसभेचा ठराव कुठाय? आणि पट्ट्याचे कागद जपून ठेवा.

जिंदाबाद!