मैदान आणि परीक्षा
(महाविद्यालयीन अध्यापक व पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेले भाषण)



अमरावतीत खेळाचा विषय निघाला की श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे स्मरण प्रथम होते. वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापन केलेल्या या संस्थेच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी कबड्डीसह आपले देशी खेळ जगाला दाखविले. १९६७ मध्ये मंडळाने शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढले. तेथे मैदान हाच अभ्यास होय. परंतु आज मला बोलावयाचे आहे ते इतर महाविद्यालयांतील खेळाडूंविषयी. अकोल्यास रसायनशास्त्र शिकणारी आणि विद्यापीठाच्या संघातून कबड्डी खेळणारी एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणा.

अकोल्याचा उन्हाळा आपण जाणताच. पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा सराव पहाटे किंवा दिवस मावळल्यावरच होऊ शकतो. मुलगी मूर्तिजापूरकडील खेड्यातून येत असेल तर सायंकाळचा सराव आणि गावाकडची शेवटची एस. टी. यांपैकी एकावर तिला पाणी सोडावे लागते. आंतरविद्यापीठ स्पर्धा बहुधा हिवाळ्यात होतात. सत्रपद्धती आल्यापासून हिवाळी परीक्षाही त्याच सुमारास येतात. "वेळेचे नियोजन कर," असा उपदेश आपण तिला सहज करतो. दोन वेळापत्रके दोन कार्यालयांत तयार व्हावीत आणि त्यांचा मेळ एकोणीस वर्षांच्या मुलीने घालावा, हे मला न्याय्य वाटत नाही.

तिने अभ्यास सोडावा, असेही म्हणता येत नाही. राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षणाची तरतूद २००५ पासून आहे. मात्र त्या आरक्षणातून येणाऱ्या उमेदवारालाही पदाची शैक्षणिक अर्हता सामान्यतः पूर्ण करावी लागते. खेड्यातील पालकांपर्यंत ही गोष्ट पोहोचत नाही. मग कोणी मुलीचा खेळ बंद करतो, तर कोणी पदकाच्या भरवशावर पदवी अर्धवट राहू देतो. दुसऱ्या प्रकारचे नुकसान उशिरा कळते, एवढेच.

संस्थेने भार उचलला तर काय घडते, हे कोल्हापुरात दिसले. खाशाबा जाधव हे राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसे कमी पडले, तेव्हा प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. आजच्या प्राचार्यांकडे कोणी घर मागत नाही! प्रात्यक्षिक परीक्षेची दुसरी तारीख आणि बुडालेल्या तासांची टिपणे मिळाली तरी पुष्कळ झाले. नव्या शैक्षणिक धोरणाखालील पदवी अभ्यासक्रमात सहअभ्यासक्रम म्हणून क्रीडेलाही श्रेयांकांची जागा मिळाली आहे. तिचा लाभ प्रवेशाच्या वेळीच समजावून सांगावा.

१ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले. त्यापूर्वी वऱ्हाडातील महाविद्यालये नागपूर विद्यापीठाशी संलग्न होती. तो लांबचा पल्ला आता उरलेला नाही. स्पर्धांच्या तारखा समजताच त्या परीक्षा विभागापुढे ठेवण्याचे काम प्रत्येक महाविद्यालयातील क्रीडाशिक्षकाने अंगावर घ्यावे, अशी माझी विनंती आहे.

पंचायत सदस्यांकडे मागणे लहान आहे. गावातील किती मुलेमुली बाहेर शिकत असताना खेळतात, याची यादी करावी, आणि सायंकाळच्या एस. टी.ची वेळ अर्धा तास पुढे नेण्याचा ठराव पुढच्याच ग्रामसभेत मांडून आगाराकडे पाठवावा.