आर्थिक निर्बंध आणि विद्यापीठांचे कर्तव्य

(विद्यापीठीय शिक्षक व शिक्षकेतर कर्मचारी यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आंतरराष्ट्रीय निर्बंध ही परराष्ट्रखात्याची आणि मोठ्या बँकांची बाब, लेखाविभागातील कारकुनाचा किंवा प्रयोगशाळेतील अध्यापकाचा तिच्याशी काय संबंध, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. संबंध आहे, आणि तो दिवसेंदिवस निकटचा होत आहे. इराणी विद्यार्थ्याचा प्रवेश-अर्ज, क्यूबातील नियतकालिकाची वर्गणी, रशियन संस्थेबरोबरचा जुना सहकार्य-करार, परदेशातून मागविलेले मोजमापाचे एखादे यंत्र, यांपैकी कोणताही कागद आपल्या टेबलावर येऊ शकतो. त्यावर काय शेरा मारावयाचा हे ठरविताना बहुतेक ठिकाणी अज्ञान आणि भीती हेच दोन सल्लागार हजर असतात. पुण्यासारख्या शहरात इराणी विद्यार्थी कित्येक वर्षे शिकावयास येत आले आहेत. तेव्हा हा प्रश्न आपल्या उंबरठ्यावरचाच आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. निर्बंध कोणी घातले, यावर त्यांचे बंधन अवलंबून असते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीने सनदेच्या सातव्या प्रकरणाखाली घातलेले निर्बंध सर्व सदस्य राष्ट्रांवर बंधनकारक असतात. भारतात त्यांची अंमलबजावणी करण्यासाठी १९४७ चा स्वतंत्र कायदा आहे. अमेरिका किंवा युरोपीय संघ आपल्या मर्जीने जे निर्बंध घालतात ते त्यांच्या हद्दीतील कायदे होत. ते भारताचे कायदे नव्हेत. केवळ राष्ट्रसंघाचे निर्बंध आम्ही मानतो, ही भारत सरकारची जाहीर भूमिका. पण २०१९ च्या मे महिन्यात अमेरिकेने सवलत काढून घेताच आपल्या तेलकंपन्यांनी इराणचे तेल घेणे थांबविले. भूमिका एका बाजूस राहिली आणि व्यवहार दुसऱ्या बाजूस गेला. असे का घडते, हे नीट समजून घेतले की या विषयाची किल्लीच हाती येते.

समजा, आपल्या एका प्राध्यापकाचा निबंध तेहरानमधील परिषदेने स्वीकारला आहे आणि शंभर डॉलर नोंदणीशुल्क पाठवावयाचे आहे. आपल्या देशाच्या कायद्याने त्याला मनाई नाही, असे धरून चालू. पैसे देणारा भारतीय, घेणारा इराणी. यात अमेरिकन माणूस कोठेही नाही. परंतु डॉलरमधील हिशोब शेवटी बहुधा न्यूयॉर्कमधील बँकांच्या खात्यांवरच चुकता होतो. आपल्या बँकेचे खाते तेथील एखाद्या मोठ्या बँकेत असते. ती बँक अमेरिकन कायद्याखाली येते आणि प्रत्येक नाव अमेरिकेच्या अर्थखात्याने प्रसिद्ध केलेल्या यादीशी ताडून पाहते. नाव जुळले तर ती रक्कम गोठविते. यादीत नाव नसूनही व्यवहार मनाईतला वाटला तर रक्कम परत पाठविते. या दोहोंत फरक आहे. परत आलेली रक्कम आपली असते. गोठविलेली रक्कम सोडविण्यासाठी वॉशिंग्टनचा परवाना लागतो. अशा रीतीने दोन परकीयांमधील व्यवहारावर तिसऱ्याचा कायदा चालतो. बेल्जियममधील स्विफ्ट ही संस्था तर पैसा हलवीत नाही, बँकांमधील निरोप तेवढे पोहोचविते. तरीही युरोपीय संघाच्या आदेशाने २०१२ च्या मार्चमध्ये इराणी बँका आणि २०२२ च्या मार्चमध्ये रशियाच्या सात बँका तिच्यातून वगळल्या गेल्या, तेव्हा निरोपाच्या अभावी व्यवहारच खुंटले.

बँका इतक्या धास्तावलेल्या का, याचे उत्तर एका दंडात आहे. सुदान, इराण व क्यूबा यांच्याशी केलेल्या व्यवहारांबद्दल २०१४ मध्ये बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेला अमेरिकेत सुमारे ९०० कोटी डॉलर भरावे लागले. त्यानंतर शंभर डॉलरच्या परिषद-शुल्कासाठी धोका पत्करील असा बँक-अधिकारी कोठे मिळावा? ज्याला कायदा मनाई करीत नाही तेही भीतीपोटी नाकारावयाचे, ही या व्यवस्थेची खरी ताकद आहे. सरकारला प्रत्येक दार बंद करावे लागत नाही. दहा दारे बंद केली की उरलेली नव्वद पहारेकरी स्वतःच लावून घेतात. आणि हीच वृत्ती बँकांतून विद्यापीठांत शिरली आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतच घडले. माहिती आणि ग्रंथ यांच्या देवाणघेवाणीला निर्बंध लागू होणार नाहीत, अशी दुरुस्ती तेथील काँग्रेसने १९८८ साली केली आणि १९९४ साली ती अधिक व्यापक केली. असे असूनही २००३ च्या सप्टेंबरमध्ये अर्थखात्याने विद्युत अभियंत्यांच्या एका मोठ्या संस्थेला कळविले की, इराणी लेखकाचा निबंध जसाच्या तसा छापता येईल, पण त्याचे संपादन करणे ही इराणला दिलेली ‘सेवा’ ठरते; तिला परवाना हवा. म्हणजे स्वल्पविराम दुरुस्त करावयाचा तर सरकारची परवानगी! २००४ च्या एप्रिलमध्ये खात्याने थोडी माघार घेतली, तरी संदिग्धता राहिली. तेव्हा विद्यापीठीय प्रकाशकांची संघटना, लेखकांची पेन ही संस्था आणि इतर काही मंडळी न्यायालयात गेली. नोबेल पारितोषिक मिळालेल्या इराणी विधिज्ञ शिरीन एबादी यांनीही दावा लावला, कारण त्यांच्या आठवणींचे पुस्तक अमेरिकेत प्रसिद्ध होण्यात हाच अडसर होता. त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये खात्याने सर्वसाधारण परवानगी देणारा नियम काढला, आणि ते पुस्तक २००६ मध्ये बाहेर आले. ध्यानात घ्या, कायदा १९८८ पासून प्रकाशकांच्या बाजूचा होता. तो वाचून न्यायालयापर्यंत जाणारे कोणी निघेपर्यंत तो कपाटात पडून होता.

मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट शाखेने २०१५ च्या फेब्रुवारीत इराणी विद्यार्थ्यांना काही अभियांत्रिकी व विज्ञान शाखांत प्रवेश न देण्याचे जाहीर केले. आधार दाखविला तो २०१२ च्या एका कायद्याचा. त्या कायद्यात प्रवेशपत्र कोणाला द्यावे याची जबाबदारी सरकारवर टाकली होती. विद्यापीठाने विद्यार्थ्यांना नाकारावे असे त्यात म्हटलेले नव्हते. टीका होताच काही दिवसांतच तो निर्णय मागे घेतला गेला. हॉलंडमध्ये मात्र सरकारनेच ही चूक केली. सुरक्षा समितीच्या २००६ च्या ठरावात, इराणी नागरिकांना अणुप्रसाराला साहाय्यभूत होईल असे विशेष शिक्षण मिळणार नाही याची दक्षता घ्यावी, असे राष्ट्रांना सांगितले होते. डच सरकारने त्याचा अर्थ असा लावला की काही शिक्षणक्रमांसाठी सर्वच इराण्यांनी खास अनुमती घ्यावी. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या डिसेंबरमध्ये तो नियम राष्ट्रीयत्वावरून भेदभाव करणारा ठरविला. हे आज सांगण्याचे कारण, तो ठराव मध्यंतरी रद्द होऊन २०२५ च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा लागू झाल्याचे पाश्चात्त्य राष्ट्रांनी जाहीर केले आहे. रशिया व चीन यांना ही पुनःस्थापना मान्य नाही. असा अर्ज उद्या आपल्या कार्यालयात आला, तर हॉलंडची चूक आपण पुन्हा करावयाची काय?

कायद्याला दात नाहीत असे मात्र समजू नका. टेनेसी विद्यापीठातील प्लाझ्माशास्त्राचे प्राध्यापक जॉन रीस रॉथ यांनी वायुदलासाठी चाललेल्या चालकरहित विमानांच्या संशोधनातील तांत्रिक माहिती दोन परदेशी विद्यार्थ्यांना हाताळू दिली. २००८ मध्ये ते दोषी ठरले आणि त्यांना चार वर्षांची कैद झाली. प्रयोगशाळेच्या चार भिंतींत दिलेली माहितीही ‘निर्यात’ ठरू शकते, हे कित्येक अध्यापकांच्या गावीही नसते. आपल्याकडे १९९२ चा विदेश व्यापार कायदा आणि २००५ चा संहारक अस्त्रांविषयीचा कायदा आहे, आणि दुहेरी उपयोगाच्या वस्तूंची ‘स्कोमेट’ नावाची यादी आहे. तीत वस्तूंबरोबर तंत्रज्ञानही येते. ते ई-मेलने पाठविले तरी येते. मूलभूत संशोधन आणि आधीच प्रसिद्ध झालेली माहिती यांना तीत मोकळीक आहे.

निर्बंधांचे चटके आपणही सोसले आहेत. ऐंशीच्या दशकात अमेरिकेने प्रगत महासंगणक नाकारला आणि हवामानशास्त्रासाठी कमी शक्तीचा दिला. त्यातून १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ मध्ये ‘परम’ तयार झाला. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर दोनशेहून अधिक भारतीय संस्था अमेरिकेच्या निर्यातबंदीच्या यादीत गेल्या. अणुशक्ती आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष आर. चिदंबरम हे स्फटिकशास्त्रज्ञ. त्यांना आपल्या विषयाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या बैठकीसाठीही प्रवेशपत्र नाकारण्यात आले. पोखरणच्या स्फोटांबद्दल आपले मत काहीही असो, स्फटिकशास्त्राच्या बैठकीने कोणाची सुरक्षितता धोक्यात आली असती? भाभा अणुसंशोधन केंद्राचे नाव त्या यादीतून निघाले ते २०२५ च्या जानेवारीत.

मग निर्बंध हे हत्यारच त्याज्य मानावयाचे काय? समाजवादी माणसाला हे उत्तर सहजासहजी देता येणार नाही. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीशी व्यापार तोडण्यात १९४६ साली भारतच पहिला होता; स्वातंत्र्य अद्याप मिळावयाचे होते तेव्हाची ही गोष्ट. पण तो बहिष्कार लुथुलींसारख्या, तेथील पीडितांच्या मान्य नेत्यांनी मागितला होता, आणि त्याची झळ आपण सोसू असे त्यांनीच सांगितले होते. १९९० नंतर इराकवर लादलेली कोंडी तेथील जनतेने मागितली नव्हती. त्या काळी गाजलेले बालमृत्यूंचे आकडे सद्दामच्या सरकारने फुगविले होते असे पुढील अभ्यासांतून दिसून आले, हे आपणही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. तरीही राष्ट्रसंघाचे तेथील मदतकार्याचे प्रमुख डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये आणि त्यांच्या जागी आलेल्या हान्स फॉन स्पोनेक यांनी २००० मध्ये या धोरणाच्या निषेधार्थ पद सोडले, ते उगाच नव्हे. वैद्यकीय महाविद्यालयांना नवी नियतकालिके मिळेनाशी झाली होती. सद्दामच्या वाड्यात कशाचीच वाण पडली नाही. निर्बंध कोणी मागितले आणि त्यांचा भार कोणाच्या पाठीवर पडतो, हे दोन प्रश्न मी प्रत्येक वेळी आधी विचारीन.

आता आपल्या कामाचे. अर्ज किंवा देयक अडविण्यापूर्वी आडकाठी कशाची आहे हे पाहावे: भारतीय कायद्याची, राष्ट्रसंघाच्या ठरावाची, परकीय कायद्याची, की केवळ बँकेच्या धोरणाची. पहिल्या दोहोंत पर्याय नाही. चौथीत दुसरी बँक, दुसरे चलन हे मार्ग असतात. तिसरीत करार नीट वाचावा, कारण अमेरिकन अनुदान किंवा यंत्रसामग्री घेताना त्या कायद्याच्या अटी आपण स्वखुशीने सही करून मान्य केलेल्या असतात. संशोधन सैनिकी उपयोगाच्या जवळ जात असेल तर विदेश व्यापार महासंचालनालयाला आधी विचारावे. रॉथ यांच्या वाट्याला आलेले आपल्या तरुण अध्यापकाच्या वाट्याला येऊ नये. संशयाचा सारा बोजा खालच्या कारकुनावर टाकून वरिष्ठांनी नामानिराळे राहण्याची जी रीत आपल्याकडे आहे ती येथे विशेष घातक ठरेल, कारण ज्याला शिक्षेचे भय आहे आणि अधिकार नाही, तो नेहमी नकाराचाच शेरा लिहिणार.

म्हणून माझी एक सूचना आहे. राष्ट्रीयत्वाच्या कारणावरून दिलेला प्रत्येक नकार कायद्याचे कलम नमूद करून, कुलसचिवांच्या सहीने, लेखी दिला जावा आणि त्यावर अपिलाची सोय असावी, असा ठराव आपल्या संघटनेने येत्या अधिसभेत मांडावा. मसुदा मी चिटणिसांकडे दिला आहे; त्यातील दुसऱ्या परिच्छेदावर लेखाविभागातील मित्रांनी आपले म्हणणे आठवड्याभरात कळवावे.