मुलाचे अवधान आणि मायेचा हात

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत एका निवृत्त शिक्षिकेने केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. दिल्लीत ३१ वर्षे प्राथमिक वर्गांना शिकविले, एवढाच माझा अधिकार. शिवाय आज जे सांगणार आहे, त्यात थोडा कबुलीजबाबही आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या दुसरीच्या वर्गात एक मुलगा होता. बाकावर दोन मिनिटे स्थिर बसेल तर शपथ! पेन्सिल रोज हरवायची, प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर यायचे, आणि सांगितलेले काम वर्गाच्या दारापर्यंत जाता जाता विसरले जायचे. मी त्याच्या प्रगतिपुस्तकात ‘व्रात्य’ असा शेरा लिहिला आणि पालकसभेत त्याच्या आईला चारचौघांत म्हणाले, “बाई, घरी जरा लक्ष देत चला.” ती माउली काही बोलली नाही. पदराने डोळे टिपून निघून गेली.

ते वाक्य माझ्याकडे परत आले ते माझ्याच नातवाच्या रूपाने. गुरुग्रामच्या त्याच्या शाळेतून मुलाला आणि सूनबाईंना बोलावणे आले. नातलगांचे फोन सुरू झाले, आणि सर्वांची बोटे वळली ती सूनबाईंकडे. “नोकरी करते ना, मग असेच व्हायचे.” खेदाने सांगते, त्या बोटांत एक बोट माझेही होते.

पुढे तज्ज्ञांनी अनेक भेटींनंतर निदान केले. या अवस्थेला एडीएचडी म्हणतात. आपण तिला अवधानन्यूनता आणि अतिचंचलता म्हणू. लक्षणे निदान सहा महिने टिकलेली असावीत, बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावीत आणि घर, शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी आढळावीत, असा दंडक आहे. एखाद्या दिवशी मूल उधळले म्हणून हे नाव देता येत नाही. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. आईच्या हलगर्जीपणातून ही अवस्था जन्मत नाही, हे मला त्या वेळी प्रथम कळले, आणि तो ‘व्रात्य’ शेरा मनाला झोंबू लागला.

याच सुमारास सूनबाईंच्या वाचनात चिनी बालमर्दनाची माहिती आली. त्याला ‘तुइना’ म्हणतात. ‘तुइ’ म्हणजे ढकलणे, ‘ना’ म्हणजे पकडणे. सन १६०१ च्या सुमारास छापल्या गेलेल्या एका चिनी वैद्यकग्रंथातही बालमर्दनाचे प्रकरण आहे. मुलाच्या हाताची बोटे अंगठ्याने हळुवार चोळायची, तळहातावर गोल फिरवायचे, माकडहाडापासून मानेपर्यंत पाठीची कातडी चिमटीत धरत वर जायचे, अशा त्याच्या रीती. अंगठा प्लीहेचा, तर्जनी यकृताची, मधले बोट हृदयाचे, असा त्यांचा सिद्धांत आहे. हाँगकाँगच्या पॉलिटेक्निक विद्यापीठातील संशोधकांनी अतिचंचल बालकांच्या आईवडिलांनाच हे मर्दन शिकवून त्याची प्राथमिक चाचणीही घेतली आहे. चाचणी लहान आहे; तिच्यावरून उपायाचा डंका पिटणे योग्य नव्हे.

मी मात्र ते ऐकून हसले. म्हटले, सूनबाई, चीनपर्यंत कशाला जायचे? आपल्या वाग्भटाने अभ्यंग दिनचर्येतच सांगितला आहे, आणि डोके, कान व पाय यांना तेल लावण्यावर विशेष भर दिला आहे. तान्ह्या बाळाला तेल चोळून, कढत पाण्याने न्हाऊ घालून, धुरी देऊन निजविण्याची आपली रीत कोणाला ठाऊक नाही? सन १९७६ मध्ये लेबॉये या फ्रेंच डॉक्टरांनी कलकत्त्यातील एका मातेचे बाळाला चोळणारे हात छायाचित्रांत टिपून पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा पाश्चात्त्यांना आपल्या या ठेव्याचे अप्रूप वाटले. आपल्या दिल्लीतही २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२५ तान्ह्या बाळांचे पाच गट करून वेगवेगळ्या तेलांची तुलना केली गेली. चार आठवड्यांच्या मालिशीनंतर वाढीच्या आणि झोपेच्या बाबतीत तिळाचे तेल सरस ठरले. थंडीच्या उन्हात गच्चीवर बसून मोहरीच्या तेलाने बाळाला चोळणाऱ्या आपल्या शेजारणींना हे सांगताना मला थोडा अभिमान वाटला, हे कबूल करते!

पण सूनबाई म्हणाल्या, “आई, आपली ही रीत बाळ चालू लागेपर्यंतच. त्यानंतर आपण मुलाच्या अंगाला तेल लावतो ते वर्षातून एकदा, नरकचतुर्दशीच्या पहाटे.” मी निरुत्तर झाले. खरेच, मूल शाळेत जाऊ लागले की आपला हात त्याच्या अंगाला लागतो तो दप्तर अडकवताना, नाही तर धपाटा घालताना.

मग आमच्या घरी नियम झाला. रात्री निजण्यापूर्वी पंधरा मिनिटे, आळीपाळीने आईने व वडिलांनी, कोमट तिळाच्या तेलाने मुलाची पाठ, तळहात आणि तळपाय चोळायचे. फोन दुसऱ्या खोलीत राहील. अभ्यासाचा विषय निघणार नाही. आधी मुलाला विचारायचे आणि ‘नको’ म्हटले की हात थांबवायचा. ताप, पुरळ किंवा जखम असेल तर त्या दिवशी सुट्टी. जोर लावायचा नाही.

परिणाम काय झाला, हे आपण विचाराल. नातू शांत झाला, पहिला आला, असे मी सांगणार नाही. कारण तसे झाले नाही. आजही त्याच्या पेन्सिली हरवतात. झोप मात्र लवकर लागू लागली. आणि तिसऱ्या आठवड्यात एका रात्री, पालथा पडल्या पडल्या, तो वडिलांना म्हणाला, “बाबा, मला वर्गात एकट्याला शेवटच्या बाकावर बसवतात. कोणी माझ्याशी बोलत नाही.” समोर बसवून विचारले असते तर तो हे कधीच बोलला नसता. पाठीवरच्या हाताला त्याने ते सांगितले. दुसऱ्याच दिवशी दोघे शाळेत गेले, शिक्षिकेशी बोलले आणि बाक बदलला.

अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात २८ किशोरवयीन मुलांपैकी मर्दन मिळालेल्यांची चुळबुळ कमी झाल्याचे आढळले. अशा अभ्यासांनी आशा वाटते. परंतु तेलाची वाटी घेऊन तज्ज्ञांची पायरी टाळणे हा मुलावर अन्याय होईल. सहा वर्षांखालील बालकांसाठी पालकांना वर्तनव्यवस्थापनाचे शिक्षण देणे हा पहिला उपाय, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१९ साली सांगितले आहे. मोठ्या मुलांना काही वेळा औषध लागते. ते डॉक्टरांनी सांगितले तर लाज बाळगू नये. महाराष्ट्रात पालघर येथे २०१३ साली आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीत ही अवस्थाही येते. तेव्हा शंका येताच तपासणी करून घ्यावी.

आपण दूरदेशी राहणारी माणसे. इथे बाळाला न्हाऊ घालणारी बाई नाही, ओसरीवर बसलेली आजी प्रत्येक घरी नाही. म्हणून वडिलांनीही हाताला तेल लावावे, एवढी माझी विनंती आहे. आणि असे मूल मंडळाच्या गणेशोत्सवात धावताना दिसले, तर त्याच्या आईकडे रोखून पाहू नये. त्याला आरतीच्या वेळी झांज हाती द्यावी.

ज्ञानेश्वरमाउलींनी नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे एकच गोष्ट मागितली. ती म्हणजे अवधान. आपण मुलांकडे तेच मागतो. मात्र ते आधी त्यांना द्यावयास विसरतो. ते द्यावयास रात्रीची पंधरा मिनिटे पुरतात.

त्या दुसरीतल्या मुलाचा पत्ता मला ठाऊक नाही. त्याची आई या दिल्लीत कोठे असेल, तर तिची क्षमा मागावयाची राहून गेली आहे. ती आज आपणा सर्वांसमक्ष मागते आणि आपली रजा घेते.