गोळ्यांचा डबा आणि हजेरीचे मस्टर

(बंगळूर येथे मराठी भाषिक रेल्वे व टपाल कामगारांच्या सभेत रेल्वे युनियनच्या सचिवांनी केलेले भाषण)



रिक्त जागा, बदल्या आणि पेन्शन हे विषय आज सभेपुढे आहेतच, त्यांवर माझ्यानंतरचे वक्ते बोलतील. मला दिलेला विषय थोडा निराळा आहे. रुग्णाला वेळेवर गोळी देणारी आणि त्याने ती घेतली की नाही याची नोंद ठेवणारी यंत्रे आता आली आहेत, त्यांविषयी मला बोलायचे आहे. कोणी म्हणेल, हा डॉक्टरांचा प्रश्न, युनियनने त्यात कशाला पडावे? मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस, औषधांतले मला फारसे कळत नाही. पण हजेरी कशी लागते, नोंद कोण ठेवतो आणि पुढे ती कोणाविरुद्ध वापरली जाते, हे युनियनच्या कामात पुरते कळले आहे.

आपल्या देशात ही यंत्रे मुख्यतः क्षयरोगासाठी वापरली गेली. क्षय म्हणजे जुना रोग, आता संपला, असे समजू नका. दाटीवाटीच्या क्वार्टर्स, एकाच खोलीत आठ-दहा जणांनी झोपायच्या रनिंग रूम, आरएमएसच्या बंद छाटणी खोल्या, हे त्याचे आवडते मुक्काम आहेत. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा. दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, वजन वाढते आणि माणसाला वाटते की झालो बरा. तिथेच गोळ्या सुटतात. अर्धवट औषधाने जंतू मरत नाहीत, उलट त्या औषधाला ते दाद देईनासे होतात. मुंबईत हिंदुजा रुग्णालयाच्या डॉ. झरीर उदवाडिया यांनी २०१२ च्या सुरुवातीला हाताशी असलेल्या कोणत्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण पुढे आणले, तेव्हा सगळा देश खडबडून जागा झाला होता.

म्हणजे गोळी न चुकता घेणे महत्त्वाचे, याबद्दल माझा वाद नाही. ती का चुकते, हा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर शोधण्याचे काम याच गावात फार पूर्वी झाले आहे. राष्ट्रीय क्षयरोग संस्था इथे १९५९ मध्ये निघाली. त्याआधी १९५६ पासून मद्रासला एक मोठी चाचणी झाली होती. १९३ गरीब रुग्ण घेतले, काहींना सॅनेटोरियममध्ये ठेवले आणि काहींना घरीच औषध दिले. घरचे अन्न निकृष्ट, जागा अपुरी, तरीही वर्षअखेर दोघांचे निकाल जवळजवळ सारखे. डोंगरावरची हवा, दूध-अंडी आणि महिनोन्‌महिने खाट अडवून पडणे हे सारे नसले तरी चालते, औषध मात्र नियमित पोचले पाहिजे, हे तेव्हाच सिद्ध झाले. पुढे इथल्या संस्थेतले समाजशास्त्राचे जाणकार डॉ. देबबर बॅनर्जी यांनी स्टिग अँडरसन यांच्यासह तुमकूर जिल्ह्यातल्या खेड्यांत जाऊन पाहणी केली, ती १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली. तोवर सगळे धरून चालले होते की खेडूत अडाणी आहे, त्याला आपल्या रोगाची पर्वा नाही. पाहणीत दिसले ते उलट. बहुतेकांना आपल्या लक्षणांची जाणीव होती आणि सुमारे निम्मे तर दवाखान्यात जाऊनही आले होते. दवाखान्याने त्यांना खोकल्याची बाटली देऊन परत पाठवले होते! रुग्ण दाराशी आला आणि दारानेच त्याला ओळखले नाही. आज यंत्रांची चर्चा ऐकताना मला ही पाहणी सारखी आठवते.

नंतर डॉट्स पद्धत आली. १९९७ पासून सुधारित कार्यक्रमात रुग्णाने केंद्रावर यायचे आणि कर्मचाऱ्यासमोर गोळी गिळायची, आठवड्यातून तीनदा. हेतू चांगला. पण ज्याची ड्यूटी रात्री दोनला सुरू होते, ज्याची गँग लाइनवर सहा-सात किलोमीटर आत काम करते, त्याने केंद्राची वेळ कशी गाठायची? रोजंदारीवाल्याचा तर तेवढा रोजच बुडायचा. २०१७ मध्ये देशभर रोजच्या गोळ्यांची पद्धत सुरू झाली आणि रोज केंद्रावर बोलावणे अशक्यच झाले. यंत्राला वाव मिळाला तो इथे.

त्यातले एक साधन बंगळूरचेच आहे, आणि खरे सांगायचे तर मला त्याची अक्कल आवडली. त्याचे नाव ९९डॉट्स. मायक्रोसॉफ्टच्या इथल्या संशोधन केंद्रात बिल थीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तयार केले आणि पुढे एव्हरवेल या बंगळूरच्याच कंपनीने ते चालवले. यात यंत्र असे काही नाहीच. गोळ्यांच्या पट्टीभोवती छापील पुठ्ठ्याचे पाकीट असते. गोळी दाबून बाहेर काढली की तिच्यामागे लपलेला फोन नंबर दिसतो. रोजचा नंबर वेगळा, आधी ओळखता येत नाही. रुग्णाने त्या नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा, पैसा पडत नाही. तिकडे संगणकावर त्या दिवसाची खूण होते. कॉल आला नाही तर आठवणीचा संदेश जातो आणि आरोग्य कर्मचाऱ्याला नाव कळते. २०१५ च्या सुमारास महाराष्ट्र, कर्नाटकासह काही राज्यांत एचआयव्ही आणि क्षय दोन्ही असलेल्या रुग्णांपासून सुरुवात झाली. साधा फोन चालतो, खर्च थोडा.

दुसरे साधन म्हणजे डबा. औषधे आत ठेवायची, झाकणाशी सिमकार्ड असलेले छोटे यंत्र. वेळ झाली की तो वाजतो. त्यावर दिवे आहेत, तेही आपल्या सिग्नलसारखे: हिरवा लागला की गोळी घ्या, पिवळा लागला की नवा साठा आणायला जा, लाल लागला की बॅटरी संपत आली. झाकण उघडले की नोंद जाते. औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाच्या रुग्णांना मुंबई, चेन्नईत असे डबे दिले गेले. ही कल्पनाही नवी नाही. १९६२ मध्येच अमेरिकेत टॉमस मोल्डिंग नावाच्या डॉक्टरांनी औषधाचा असा डबा सुचवला होता, ज्यात किंचित युरेनियम आणि फोटोची फिल्म वापरून गोळ्या रोज काढल्या की एकदम, हे नंतर कळायचे. आता तर २०१७ मध्ये तिकडे मानसिक आजाराच्या एका औषधाच्या गोळीतच संवेदक बसवायला मंजुरी मिळाली. गोळी पोटात गेली की अंगावरच्या पट्टीला समजते. कुठवर आत शिरणार, कोण जाणे!

आता लोको पायलट मंडळींनी इंजिनातले व्हीसीडी आठवावे. मिनिटभर हालचाल झाली नाही की दिवा लागतो, मग बझर, आणि तरीही बटण दाबले नाही तर ब्रेक. चांगले यंत्र, जीव वाचवते. पण हात सवयीने बटण दाबतो हे आपल्याला माहीत आहे, आणि माणसाला सलग किती रात्री झोप मिळालेली नाही हे त्या यंत्राला कधी कळत नाही. टपालातल्या मंडळींसाठी सांगायचे तर पोचपावतीवर सही म्हणजे पाकीट पोचले, आतले पत्र वाचले असे नव्हे. झाकण उघडले म्हणजे गोळी गिळली असे नाही. आणि कॉल आला नाही म्हणजे गोळी घेतलीच नाही, असेही नाही.

हे मी मनचे सांगत नाही. चेन्नई, वेल्लोर आणि मुंबईत सुमारे सहाशे रुग्णांच्या घरी न कळवता जाऊन लघवीची तपासणी केली आणि ती ९९डॉट्सच्या नोंदीशी ताडून पाहिली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की या नोंदीची अचूकता पुरेशी नाही. त्याची कारणे आपल्याला न शिकताही कळतात. घरात एकच फोन आणि तो मुलाकडे, लाइनवर सिग्नल नाही, कॉल करायचा कंटाळा. चीनमध्ये २०१५ च्या अभ्यासात वाजणाऱ्या डब्याने चुकलेल्या गोळ्या कमी झाल्या, नुसत्या संदेशांनी झाल्या नाहीत. पण २०२३ मध्ये तिथल्याच मोठ्या चाचणीत अखेरचा निकाल पाहिला, तेव्हा डब्यामुळे बरे होणाऱ्यांच्या प्रमाणात फरक पडलेला दिसला नाही. मला तरी याचा अर्थ असा दिसतो की डबा आठवण करून देतो, पण ज्याला उलट्या होतात, ज्याच्या हातात त्या महिन्याचा पगार नाही, त्याच्या दारी माणूसच जावा लागतो. आणि तो माणूस कोण? कंत्राटावर राबणारा क्षयरोग कर्मचारी आणि मानधनावरची आशा. यंत्र घेतले म्हणून त्यांच्या जागा कमी केल्या, तर पडद्यावर नावे दिसतील आणि बघायला कोणी नसेल.

आता साठ्याची गोष्ट. २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये देशात क्षयाच्या औषधांचा तुटवडा झाला. मार्च २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना स्थानिक खरेदी करायला सांगितले. त्या दिवसांत किती घरांतून माणूस केंद्रावर जाऊन रिकाम्या हाताने परतला असेल? त्या डब्याचा पिवळा दिवा सांगतो, साठा आणायला जा. गेल्यावर साठाच नसेल, तर तो दिवस नोंदवहीत कोणाच्या नावावर पडायचा? माझे म्हणणे असे की रुग्णाची एक चूक नोंदवणाऱ्या प्रत्येक व्यवस्थेने खात्याचीही चूक तितक्याच ठळकपणे नोंदवावी. गाडी उशिरा आली तर आपण कंट्रोलला कारण लिहून देतोच ना? इंजिन बंद, सिग्नल बंद, क्रू नाही. सगळे ड्रायव्हरच्या माथी मारत नाही, निदान मारू देत नाही.

आणि शेवटचा, आपल्या थेट पोटाशी येणारा मुद्दा. कीमन आणि पेट्रोलमन यांच्या कमरेला जीपीएस यंत्र आले, तेव्हा सांगितले गेले की हे तुमच्या सुरक्षेसाठी आहे. नंतर काही ठिकाणी त्याच्याच नोंदीवरून खुलासे मागितले गेले, हे इथे बसलेल्यांना वेगळे सांगायला नको. पोस्टमन बंधूंच्या हातातल्या मोबाइलचीही तीच गत. उद्या गोळ्यांच्या डब्याची नोंद साहेबाच्या टेबलावर गेली तर? 'याने महिन्यात सहा दिवस गोळी घेतली नाही, हा उपचारात हयगय करतो, याची रजा नामंजूर', असे लिहायला किती वेळ लागतो? फिट सर्टिफिकेट अडवायला, वैद्यकीय वर्गवारी खाली आणायला, भत्ता बुडवायला एवढा कागद पुरे. असा कागद येण्याआधीच बोलले पाहिजे. हजेरीचे मस्टर वेगळे आणि औषधाचे मस्टर वेगळे, ही दोन एका कपाटात ठेवता कामा नयेत.

आमच्या एका शाखेतल्या ट्रॅक मेंटेनरने (गँगमन म्हटले तरच तो मागे वळून पाहतो) सहा महिन्यांचा उपचार पुरा केला, पण कुणालाही सांगितले नाही. पट्ट्या जेवणाच्या डब्याखाली फडक्यात बांधून न्यायचा. मी विचारले, एवढे लपवायचे कशाला? म्हणाला, 'साहेब, रोगाची भीती नव्हती. गँगमधला माझा पाण्याचा लोटा वेगळा ठेवतील, याची होती.' या माणसाच्या पिशवीत वाजणारा डबा दिला तर तो डबा घरीच विसरेल, आणि त्याला मी बोल लावणार नाही. उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांत बहुतेकांपासून संसर्गाचा धोका खूप कमी होतो, हे गँगला समजावणे हेही आपलेच काम आहे. त्याला कोणतेही यंत्र लागत नाही.

युनियनने प्रशासनाला द्यायच्या निवेदनाचा मसुदा तयार आहे, तो शाखांकडे येईल. त्यात मागितले आहे ते थोडक्यात असे: रेल्वे वा टपाल दवाखान्यात असे कोणतेही साधन द्यायचे तर रुग्णाच्या लेखी संमतीने द्यावे आणि नको म्हणणाऱ्याच्या उपचारात फरक करू नये. नोंद रुग्ण आणि उपचार करणारा यांच्यापुरती राहावी, कार्मिक विभागाला ती मागता येऊ नये. औषध नसल्याचा दिवस वेगळ्या शिक्क्याने लिहावा. उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत रात्रपाळी देऊ नये. या शेवटच्या मुद्द्यावर काही सभासदांचे म्हणणे आहे की रात्रपाळी गेली तर भत्ताही जातो. म्हणणे रास्त आहे, म्हणून भत्त्याच्या सरासरीइतकी भरपाई मसुद्यात घातली आहे. ती मिळेलच असे मी सांगत नाही, पण मागितल्याशिवाय काहीच मिळत नाही.

तोवर शाखा सचिवांनी दोन कामे करावीत. क्षयरोगाचा सरकारी मोफत फोन १८००-११-६६६६ सूचनाफलकावर मोठ्या अक्षरांत लावावा. उपचार चालू असलेल्या रुग्णाला पोषणासाठी सरकार बँक खात्यात पैसे देते, एप्रिल २०१८ पासून महिना पाचशे होते, नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले. ते ज्यांना मिळाले नाहीत त्यांनी याच फोनवर चौकशी करावी. आणि ज्या दिवशी कोणी सभासद वा त्याच्या घरचे माणूस औषधाविना परत आले असेल, त्या दिवसाची तारीख आणि केंद्राचे नाव आमच्याकडे लिहून पाठवावे. रुग्णाचे नाव लिहू नये, नुसती तारीख आणि ठिकाण पुरे. पोस्टकार्ड चालेल.