सांध्यांतील वंगण



मी वैद्य नव्हे. कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेला साधा माणूस. गतवर्षी उजवा गुडघा दुखू लागला, तेव्हा त्यास विश्रांती हवी अशा समजुतीने मी देवळातील प्रदक्षिणा सोडल्या. तीन महिन्यांत गुडघा अधिकच आखडला आणि जत्रेत पालखीमागून चालणेही चुकले. त्यानंतर जे शिकलो, ते समवयस्कांच्या कानी घालावे एवढाच माझा हेतू.

जत्रेपूर्वी रथाच्या आसाला आपण वंगण घालतो. देहाच्या सांध्यांत निसर्गाने ही सोय आतूनच केली आहे. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. गुडघ्यात तिची जाडी बहुतांशी २ ते ४ मिलिमीटर. सांध्याभोवतीच्या पिशवीचे नाजूक अस्तर एक बुळबुळीत द्रव स्रवते. निरोगी गुडघ्यात तो चमचाभरही नसतो. आयुर्वेदाने सांध्यांतील या स्निग्धतेला श्लेषक कफ म्हटले. द्रवाला दाटपणा देणारे हायल्युरॉनिक आम्ल कार्ल मायर व जॉन पामर यांनी १९३४ साली गुरांच्या डोळ्यांतून प्रथम वेगळे केले. याखेरीज गुडघ्यात कूर्चेच्या दोन चंद्रकोरी भार वाटून घेतात, आणि स्नायूंच्या दोऱ्या हाडावर घासू नयेत म्हणून मध्ये द्रवाच्या इवल्याशा पिशव्या असतात.

आता मुख्य गोष्ट. कूर्चेत सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असते, परंतु रक्तवाहिनी एकही नसते. पाऊल टेकले की दाबाखालचे हे पाणी भार पेलते व थोडे बाहेर झिरपते. पाऊल उचलले की स्पंजाप्रमाणे पुन्हा आत शोषले जाते. या ये-जा करण्यातूनच तिला पोषण मिळते. म्हणजे चालणे हाच तिचा आहार, आणि मी तिला तीन महिने उपाशी ठेवले होते!

कूर्चेला मज्जातंतूही नसतात. म्हणून झीज आरंभी कळत नाही. नष्ट झालेली कूर्चा पुन्हा भरून येत नाही, हे विल्यम हंटर यांनी लंडनमध्ये १७४३ सालीच नोंदविले होते. तेव्हा आहे ती जपणे आपल्या हाती.

गुडघा सुजला वा तापला असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. एरवी बसून राहू नये. मी एका प्रदक्षिणेने पुन्हा आरंभ केला. आज पाच होतात. येत्या जत्रेत पालखीमागून चालण्याचा मानस आहे. देवाने तो पुरवावा, अशी प्रार्थना करून आपली रजा घेतो.