भाडेकरूचे बिल आणि घरमालकाचे छप्पर

(नाशिक येथे घरमालक व गृहनिर्माण संस्थांच्या सभासदांसमोर दिलेल्या भाषणाचा संपादित अंश)



आपल्या नाशकात भाड्याचे घर पाहावयास आलेला मनुष्य काय विचारतो? भाडे किती, अनामत किती, पाणी किती वेळ येते. एप्रिलच्या दुपारी या स्लॅबखाली बसवेल काय, हे तो विचारीत नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यात नोकरीस लागलेला तरुण वरच्या मजल्यावरची खोली स्वस्त म्हणून घेतो आणि वाचलेले भाडे कूलरच्या बिलात घालवतो.

यात घरमालकाचा दुष्टपणा नाही. छप्पर सुधारण्याचा खर्च मालकाचा आणि वाचणारे बिल भाडेकरूचे! मग मालकाने खिशात हात का घालावा? अकरा महिन्यांच्या भाडेकरूने तरी परक्याचे छप्पर का दुरुस्त करावे? दोघांचेही गणित बरोबर आहे. घर मात्र तापतेच.

ब्रिटनने या कोंडीवर कायद्याने तोड काढली. तेथे २००८ पासून घर भाड्याने देताना ऊर्जा-प्रमाणपत्र दाखवावे लागते. ‘ए’ ते ‘जी’ अशी त्याची श्रेणी. इंग्लंड व वेल्समध्ये २०१८ पासून नव्या करारांना आणि २०२० पासून चालू करारांनाही, काही अपवाद वगळता, किमान ‘ई’ श्रेणी बंधनकारक झाली. त्यांची चिंता थंडीची, आपली उन्हाची. पण न्याय तोच.

आपल्याकडे काहीच नाही असे नव्हे. २०१८ च्या डिसेंबरात ‘इको-निवास संहिता’ आली. भिंती-खिडक्यांतून घरात शिरणाऱ्या उष्णतेला तिने दर चौरस मीटरला १५ वॅटची मर्यादा घातली. छपरासाठीही निकष ठरवला. २०२१ मध्ये घरांसाठी तारांकन आले, पण ते ऐच्छिक. ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ साली दुरुस्ती होऊन निवासी इमारतीही त्याच्या कक्षेत आल्या. मात्र १०० किलोवॅट वा अधिक जोडभार असलेल्या. म्हणजे मोठी संकुले आली, दोन खोल्यांचा भाडेकरू बाहेरच राहिला! ही मर्यादा खाली आणण्याचा अधिकार त्याच कायद्याने राज्य सरकारांना दिला आहे. आपल्या लोकप्रतिनिधींना त्याविषयी कोणी विचारले आहे काय?

आपल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंती आणि मधला चौक हे काम निमूटपणे करीत असत. (त्याच वाड्यांचे मालक गोठलेल्या भाड्यात डागडुजी करू शकले नाहीत, हेही विसरू नये. नियम करताना मालकाच्या खर्चाचा विचार हवाच.)

पण नियमाची वाट कशासाठी पाहायची? गच्चीला पांढरा चुना अथवा चायना मोझॅक, पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा, ७५ वॅटच्या जुन्या पंख्याऐवजी तीसेक वॅटचा नवा. एवढ्याने खोली राहण्याजोगी होते. विजेचा पोटमीटर लावून मूळ दरापेक्षा चढा दर आकारणारे काही मालक आहेत. त्यांनी तर आधी तो हिशेब सरळ करावा.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. त्या कराराला मागील बारा महिन्यांच्या वीजबिलांच्या प्रती जोडण्यास कोणताही कायदा आडवा येत नाही. येत्या उन्हाळ्यापूर्वी ज्यांचे करार संपत आहेत, त्यांनी निदान मार्च ते मे या तीन महिन्यांची बिले काढून ठेवावीत.